देवरे नानांचं पिवळं स्टिकर

परवा मोहदरीच्या घाटात आमच्या बसपुढे एक छोटी गाडी चालली होती. गाडी साधीच, घरोघरी असते तशी, पण चाकं मात्र मोठाली, काळी, चकचकीत, थोरल्या भावाचे बूट घालून निघालेल्या पोरासारखी. चढाला तिला दम लागत होता. बसचा ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "चाकं बसवली मोठी, आता ओढायला इंजिन कोन देनार?" मागचे दोघंतिघं हसले. मला हसू आलं नाही. तसल्याच एका गाडीत मी एक अख्खा पावसाळा आणि हिवाळा काढला आहे, आणि ती चालवणारा माणूस आता नाही.

देवरे नाना आमच्या सिन्नरच्या कंपनीत स्टँडर्ड रूम सांभाळायचे. कंपनीत जेवढी म्हणून मोजायची साधनं, गेज, मायक्रोमीटर, काटे, तेवढी सगळी ठरावीक महिन्यांनी त्यांच्यापुढे हजर व्हायची आणि ते ती तपासायचे. मोजणाऱ्यांना मोजणारा माणूस. त्यांची खोली बारा महिने थंडगार ठेवावी लागे, त्यामुळे बाहेर मशिन शॉपमध्ये माणसं घामाने निथळत असताना नाना आत हातानं विणलेला तपकिरी स्वेटर घालून बसलेले. मी डिस्पॅचला. उन्हाळ्यात काहीतरी खोटं काम काढून मी त्या खोलीत जाऊन उभी राहायची. त्यांना ते कळायचं. "मॅडम, दार लावून घ्या, थंडी बाहेर जाते," एवढंच म्हणायचे.

तपासून झालं की प्रत्येक साधनावर ते एक छोटं गोल स्टिकर चिकटवत. हिरवं म्हणजे बिनघोर वापरा. लाल म्हणजे बाद, हात लावू नका. आणि तिसरं पिवळं. ते क्वचित लागायचं. पिवळ्याचा अर्थ असा, की हे साधन चुकतं, पण किती चुकतं ते आम्हाला ठाऊक आहे, तेवढं ध्यानात ठेवून सांभाळून वापरा. नानांचं पिवळ्याबद्दलचं मत फारसं चांगलं नव्हतं. "पिवळं म्हणजे निर्णय न घेणं," ते म्हणायचे. "माणसानं एक तर हो म्हणावं, नाही तर नाही."

नाही म्हणायला ते अजिबात कचरत नसत. अंबडहून, सातपूरहून छोटे सप्लायर माल घेऊन यायचे. नाना त्यांना समोर बसवायचे, चहा मागवायचे, आणि चहा येईपर्यंत माल तपासून म्हणायचे, "चालत नही." मूळचे सटाण्याकडचे, त्यामुळे शहरी बोलता बोलता असं मध्येच अहिराणी डोकावायचं. आवाज चढलेला नाही, कपाळाला आठी नाही. मग चहा पिता पिता कुठे चुकलं, का चुकलं, मशिनचा कुठला भाग झिजला असेल, सगळं समजावून सांगायचे. माणूस नाराज होऊन जायचा, पण पुढल्या वेळी माल नीट आणायचा. एका दिवाळीच्या तोंडावर त्यांनी सख्ख्या मेव्हण्याचा अख्खा लॉट परत पाठवला. त्या वर्षी भाऊबीजेला नानांच्या बायकोकडे, आमच्या वहिनींकडे, भाऊ आलाच नाही. वहिनी ते अजून सांगतात, आणि सांगताना त्यांना राग येतो की अभिमान वाटतो ते मला कधी कळलेलं नाही.

माझ्या घरी एकदा मुलीला ताप होता आणि दोन थर्मामीटर दोन आकडे दाखवत होते. मी दुसऱ्या दिवशी दोन्ही पर्समध्ये घालून नानांकडे नेले. त्यांनी गंभीरपणे तपासले आणि एक माझ्या हातात ठेवला. "दोघंही खोटं बोलतात," ते म्हणाले, "पण हा रोज तेवढंच बोलतो. हा ठेवा." दुसरा त्यांनी बाद मालाच्या डब्यात टाकला.

आम्ही चौघं नाशिक रोडहून रोज त्यांच्या गाडीने जायचो. पुढे डावीकडे मी, कारण बाईमाणसाला पुढे बसवायचं असा आमच्या गाडीचा नियम. मागे मेंटेनन्सचे गायकवाड आणि स्टोअरचा कातकाडे. गायकवाड म्हणजे देहानं दोन माणसांचा ऐवज. नाना गाडी चालवायचे तीही मोजून मापून. चेहेडीचा पूल, पळसे, मग घाट, आणि काटा कधी साठच्या वर नाही. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून थकायचे. मी सकाळी पाचला उठून दोन डबे करून निघालेली असायची, मला झोप हवी असायची, आणि नानांच्या गाडीत ती लागायची. नोकरीतल्या इतक्या वर्षांत मला मिळालेली ती एकमेव सवलत.

गाडीत आम्ही सगळ्या विषयांवर बोलायचो. एका विषयावर नाही, तो म्हणजे नानांचा मुलगा हेमंत.

हेमंतनं इंजिनीअरिंग तिसऱ्या वर्षात सोडलं. सुटलं म्हणा हवं तर. त्याच सुमारास सटाण्याला पुतणीचा साखरपुडा होता आणि जेवणाच्या पंगतीत कुणीतरी भोचकपणे विचारलं, पोराचं काय चाललंय. नानांनी लॉट परत करतात तेवढ्याच शांतपणे सांगितलं, "तो चालत नही. मटेरियलच चुकलं." हेमंत मागच्या ओळीत वाढत होता. हातातलं भांडं त्यानं खाली ठेवलं आणि तो बाहेर निघून गेला. हे मला वहिनींनी सांगितलं. त्यानंतर बापलेक एका घरात राहिले, पण बोलणं सगळं आईमार्फत. नानांना सांग, चहा झाला. हेमंतला सांग, दार लाव. अशी वर्षं गेली. पुढे हेमंत मुंबई नाक्याजवळच्या एका टायर आणि अलॉय व्हीलच्या दुकानात लागला, तिथे जम बसला, गिऱ्हाईकं त्याचं नाव विचारत यायला लागली. नाना त्या रस्त्यानं कितीदा गेले असतील, दुकानासमोर गाडी कधी थांबवली नाही.

मग एका सोमवारी सकाळी नानांची गाडी आमच्या गल्लीत वळली आणि मी ओळखलीच नाही. चाकं बदललेली. काळी, पात्यापात्यांची, कडेला चंदेरी रेघ, आणि एवढी मोठी की मडगार्डमध्ये जेमतेम मावलेली.

"हे काय, नाना?" मी विचारलं.

"पोरानं बसवली," नाना म्हणाले.

पोरानं, हा शब्द त्या गाडीत पहिल्यांदा उच्चारला गेला. आदल्या दिवशी हेमंतनं आईकडून किल्ली मागून घेतली होती, चाकांचं बॅलन्सिंग करून आणतो म्हणून. संध्याकाळी गाडी परत आणली, जिन्याखाली उभी केली आणि वर येऊन थेट वडिलांना म्हणाला, "नाना, खाली येऊन बघा." नाना चप्पल न घालता खाली गेले. एक फेरी मारली आणि म्हणाले, "छान शे." हेमंत त्या रात्री स्वयंपाकघरात जेवला, टीव्हीपुढे बसून नाही, पाटावर वडिलांशेजारी. हे सगळं नाना मला घाटापर्यंत सांगत राहिले. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "नाना, एकदम जवान झाले." नानांनी गाडी रोजच्या जागी न लावता त्यांच्या खिडकीतून दिसेल अशी लावली.

आठवडाभरात आमचे हाल सुरू झाले.

पहिले दणके. आधी जो खड्डा नुसता कळायचा तो आता मणक्यात शिरायला लागला. स्पीडब्रेकरवर दात एकमेकांवर आपटायचे. गायकवाड बसले की मागचं चाक आत कुठेतरी घासायचं आणि खरवडल्यासारखा आवाज यायचा. मग नानांनी बसायची व्यवस्था बदलली. गायकवाड पुढे, मी मागे. इतक्या वर्षांचा नियम मोडला म्हणून नाना चार वेळा माफी मागून गेले. मी मागून आता स्टिअरिंगपुढचा सगळा काटेबोर्ड बघू शकत होते आणि झोपू मात्र शकत नव्हते. घाट आला की नाना मुकाट्यानं एसी बंद करायचे, खालचा गिअर टाकायचे आणि गाडी कण्हत वर जायची. पेट्रोल तर गाडी पितच होती. वळणावर मात्र ती रस्त्याला चिकटून राहायची, हे खरं. नाना तेवढंच परत परत सांगायचे. "वळणाला बघा कशी बसते."

"वळनाला बसते, पन सरळ रस्त्याला बसत नाय ना," गायकवाड कंबर धरून म्हणाले. "लय दनके बसता, नाना. माझा मनका काय कंपनीचा हाय का?"

"रस्ते खराब शेत," नाना म्हणाले.

रस्त्यांना त्यांनी त्या पावसाळ्यात जेवढी नावं ठेवली तेवढी नाशिकमध्ये कुणी ठेवली नसतील. वहिनींना घेऊन वणीला गेले, नांदुरीच्या घाटात त्यांच्या पाठीला अशी काही चमक भरली की परतताना त्या मागच्या सीटवर आडव्या झाल्या. त्यांनाही नानांनी हेच सांगितलं. पावसानं रस्ता गेलाय. ज्या माणसानं आयुष्यात एका केसाएवढी चूक लपवली नाही तो माणूस घरात, गाडीत, चारचौघांत खुशाल खोटं बोलत होता. आणि वाईट याचं की ते त्याला जमत होतं.

पळशाच्या अलीकडे एक टपरी आहे, तिथे आम्ही कधी कधी चहाला थांबत असू. एका संध्याकाळी गायकवाड आणि कातकाडे पान खायला गेले होते. मी कंटाळले होते, पाठ दुखत होती, मी विचारलं, "नाना, तुम्हाला खरंच कळत नाही का हे चाकांमुळे होतंय?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना बेरीज येते का विचारलं.

"कळत कसं नाही? त्या दिवशी फेरी मारली तेव्हाच कळलं," ते म्हणाले. "चाक जड झालं की इंजिनाचा जोर ते फिरवण्यातच जातो, गाडीला उरतो थोडा. टायरची भिंत आखूड झाली. त्या भिंतीतली हवा म्हणजे आपली गादी, तीच काढून टाकलेली. रुंदी वाढली म्हणून स्टिअरिंग जड. आणि घेर वाढला ना, त्यामुळे एका फेऱ्यात गाडी आधीपेक्षा जास्त पुढे जाते. काट्याला ते काय माहीत? तो बिचारा जुन्या चाकाच्या हिशोबानं सांगतो. साठ दाखवतो तेव्हा आपण पासष्टच्या आसपास असतो. मी किलोमीटरचे दगड बघून घड्याळ लावून काढलं."

"मग हेमंतला सांगा की. त्याचा तर हाच धंदा आहे. एक साइज कमी बसवून देईल."

नानांनी कप बाकावर ठेवला.

"मॅडम, मी त्याला एकदा रिजेक्ट केलेलं शे," ते म्हणाले. "पंगतीत. आता तो जे आणेल ते मी ठेवून घेणार. दनके बसले तरी."

दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना मला दिसलं, काटेबोर्डाच्या काचेवर, साठच्या आकड्याशेजारी, एक छोटं गोल पिवळं स्टिकर चिकटवलेलं होतं. काटा चुकतो हे माहीत असून त्याला काही न लावणं त्यांच्यानं झालंच नसणार.

हिवाळा लागेपर्यंत गाडीतली माणसं गळाली. गायकवाडांनी कंपनीच्या बसचा पास काढला. कातकाडेनं बाइक घेतली आणि थंडीत नाक लाल करून येऊ लागला, पण गाडीत येईना. नानांना ते लागलं. गायकवाड बसमधून उतरताना दिसले की ते उगाच घड्याळाकडे बघायचे. मी राहिले. निष्ठा वगैरे काही नाही, बसचा स्टॉप मला लांब पडायचा.

मग नानांचा उजवा खांदा आखडला. साखरेमुळे आखडतो असं डॉक्टर म्हणाले, त्यात ते जड स्टिअरिंग. हात खांद्याच्या वर जाईना. शर्ट वहिनी घालून द्यायच्या. महिनाभर गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा हेमंत आईला म्हणाला, मी सोडेन त्यांना, दुकान दहाला उघडतं.

अशा रीतीनं एका धुक्याच्या सकाळी हेमंत स्टिअरिंगवर, नाना त्याच्या डावीकडे मांडीवर हात ठेवून, आणि मी मागे, अशी आमची वरात निघाली. हेमंत उंच, शांत, बापासारख्याच जाड भुवया. ही गाडी त्यानं चाकं बसवल्या दिवशी दुकानापासून घरापर्यंत चालवली होती, तेवढीच. रविवारची संध्याकाळ, मोकळा रस्ता, गाडीत एकटा. आता प्रत्येक दणक्याला तो आरशातून माझ्याकडे बघत होता, आणि मी चेहरा सरळ ठेवत होते.

घाटात एक उसाचा ट्रॅक्टर पुढे होता. समोर रस्ता मोकळा बघून हेमंतनं गाडी बाहेर काढली आणि पाय दाबला. गाडी पुढे जाईना. इंजिन ओरडत होतं, ट्रॅक्टर बाजूलाच, आणि वरून वळणावरून एसटी उतरताना दिसली. हेमंतचा पाय अजून दाबलेलाच.

"सोड," नाना म्हणाले. "मागे घे. तिसऱ्यावर घे. घाई करू नको."

हेमंतनं गाडी मागे घेऊन ट्रॅक्टरच्या पाठीशी लावली. एसटी शेजारून धडधडत गेली. हेमंतच्या कपाळावर त्या थंडीत घाम होता. नाना मात्र स्थिर, त्यांना हे सगळं रोजचं होतं, आणि हेमंतला नेमकं तेच दिसलं.

"ही अशीच ओढते?" त्यानं विचारलं.

नाना खिडकीबाहेर बघू लागले.

हेमंतची नजर काट्याशेजारच्या पिवळ्या स्टिकरवर गेली. मला मागून ती गेलेली दिसली. लहानपणी नाना उरलीसुरली स्टिकर घरी आणायचे, आणि हा स्वयंपाकघरातल्या डब्यांना ती लावत बसायचा. आवडीच्या डब्यांना हिरवी, कारल्याच्या भाजीला लाल. वहिनी हसत सांगतात. त्याला ते काय आहे हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

घाट संपल्यावर एक मोकळी जागा आहे. तिथे त्यानं गाडी कडेला घेतली, इंडिकेटर लावले, आणि हँडब्रेक ओढला.

"किती चुकतो?"

"साठला पाच," नाना म्हणाले.

"केव्हापासून माहितीये?"

नाना डाव्या हातानं काच पुसू लागले.

"नाना, केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

बाहेर धुकं होतं, गाड्या दिवे लावून जात होत्या. मला उतरून चालत कंपनीत जावंसं वाटत होतं, आणि उतरले असते तर दार वाजलं असतं.

"कंपनीत कुणाचाही माल तोंडावर परत करता," हेमंत म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, अगदी बापासारखाच. "मामाचा केला. समोर बसवून चहा पाजता, काय चुकलंय ते सांगता, नीट करून आणा म्हणता. मी ऐकत मोठा झालोय हे. माझाच का ठेवून घेतला?"

"तू हौसेनं आणली होतीस."

"मामानं रडत आणला होता का?"

हेमंतनं काचेवरच्या स्टिकरवर बोट ठेवलं.

"लाल लावायचं होतं, नाना. लाल लावलं असतं तर मी तिथल्या तिथं बदलून दिलं असतं. माझं काम आहे ते, मला येतं. पिवळं कशाला? हा असाच आहे, सांभाळून घ्या, असंच ना? पंगतीत बोललात त्याचा राग आला होता मला. पण हे त्याहून वाईट आहे."

मी नानांचा चेहरा बघू शकत नव्हते, फक्त मान दिसत होती आणि तपकिरी स्वेटरची कॉलर. इतके महिने त्या माणसानं दणके सोसले, बायकोची पाठ सोसली, सोबती गमावले, कारण त्याला वाटलं आपण मुलाला जपतोय. आणि मुलाला त्यातून दिसलं ते हे. मला दोघांचीही दया आली आणि दोघांचाही संताप आला. सकाळी आठला एवढं सगळं माणसाला झेपत नाही.

नाना शेवटी म्हणाले, "मॅडमना उशीर होतोय."

हेमंतनं गाडी सुरू केली. गेटवर आम्हाला सोडून तो गेला. नाना दिवसभर खोलीतून बाहेर आले नाहीत. दुपारी मी काम नसताना जाऊन उभी राहिले, तर समोर तपासायची साधनं तशीच पडली होती आणि ते नुसते बसले होते. "दार लावा," एवढंही म्हणाले नाहीत.

संध्याकाळी हेमंत न्यायला आला. गाडीला जुनी लोखंडी चाकं, वर ती राखाडी प्लॅस्टिकची झाकणं. त्यांच्या गॅलरीत वहिनींनी त्या चाकांवर कुंड्या मांडल्या होत्या, त्या उतरवून त्यानं दिवसभरात हे काम केलं होतं. दुकानात खाडा केला असणार. तो दाराला टेकून उभा होता.

"आता बघा," तो म्हणाला. "आणि नीट सांगा."

नाना गाडीभोवती फिरले. वाकता येत नव्हतं तरी वाकले, डाव्या हातानं पुढचा टायर दाबून बघितला. मग मागचा. मी जीव मुठीत धरून उभी. या माणसानं आता पुन्हा छान शे म्हटलं तर सगळं संपलं, एवढं मला कळत होतं.

"हवा जास्त शे," नाना म्हणाले.

"गाडीच्या कंपनीनं दिलीये तेवढीच आहे."

"ती भरलेल्या गाडीला. आपण तीन जण, त्यात एक मॅडम. पुढे दोन पॉइंट कमी कर."

"थंडीत सकाळी आपोआप कमी होते, नाना."

"मग सकाळी मोजायची. संध्याकाळी गरम टायर मोजून काय उपयोग? शिकवलं नाही का दुकानात?"

"दुकानात मी शिकवतो."

"म्हणून हे असं."

पळशापर्यंत त्यांचं हे चाललं. दोघंही हटेनात. मी मान मागे टेकली, आणि कित्येक महिन्यांनी त्या गाडीत मला गाढ झोप लागली.

नाना त्यानंतर काही महिन्यांनी रिटायर झाले. तोवर खांदा थोडा सुटला होता, पण गाडी हेमंतच चालवायचा. रोज काही ना काही खुसपट निघायचं. ब्रेक उशिरा मारतोस. क्लचवर पाय ठेवून चालवतोस. दुकानातली मशिन कधी तपासून घेतलीत का, की नुसतंच बॅलन्सिंग, बॅलन्सिंग? हेमंतही सोडायचा नाही. एकदा चेहेडीच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या तेव्हा हेमंत समोर बघतच म्हणाला, "आणि सटाण्याला बोलला होतात ते?"

"ते चुकीचं होतं," नाना म्हणाले. "मोजल्याशिवाय बोललो मी."

मी खिडकीबाहेर दारणेच्या पाण्याकडे बघत राहिले. डोळे पुसले तर आरशात दिसलं असतं.

त्यांना रिटायर झाल्यावर वर्षही मिळालं नाही. झोपेतच गेले. भेटायला गेले तेव्हा हेमंत दारात उभा होता. "मॅडम, शेवटचे काही महिने नाना रोज माझ्याशी भांडले," तो म्हणाला. मी त्याचा हात धरला. मला त्याच्यासाठी बरं वाटलं आणि मधल्या गेलेल्या वर्षांचं फार वाईट वाटलं. त्या वर्षांचं काय करायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही.

मला नाना शेवटचे दिसले ते जाण्याच्या थोडे दिवस आधी. मी तोवर बसनं जायला लागले होते. संध्याकाळची बस दत्त मंदिर चौकात सिग्नलला थांबली होती, मी खिडकीशी पेंगत होते, आणि खाली अगदी बाजूला त्यांची गाडी येऊन उभी राहिली. हेमंत चालवत होता. नाना शेजारी बसून काहीतरी सांगत होते. काचा वर होत्या, मला ऐकू येत नव्हतं. उजवा हात जितका वर जाईल तितका नेऊन ते पुढे कुठेतरी दाखवत होते, मग तोच हात काट्यांकडे, मग पुन्हा पुढे. हेमंतनं काहीतरी उलट म्हटलं. नानांनी मान हलवून पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. सिग्नल सुटला. मागच्यांनी हॉर्न सुरू केले. मी काच वाजवली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. हेमंत अजून वडिलांकडेच बघत होता, मग गडबडीनं त्यानं क्लच सोडला आणि गाडी आचका देऊन बंद पडली. आमची बस पुढे निघाली तेव्हा नानांचं त्यावर सांगणं सुरू झालेलं होतं, आणि हेमंत किल्ली फिरवायची सोडून हसत होता.